तू माझ्याआधी उडी घेतलीस

वहिनी, तू गेलीस आणि आपलं भांडण अर्ध्यावरच राहिलं. याचा मला अजून राग आहे. रडून झालं, भेटायला येणाऱ्यांना चहा देऊन झालं, रेणापूरच्या तुझ्या घराला कुलूप लावून मी नांदेडला परतही आले. आणि परवा स्वयंपाकघरात कणीक मळता मळता एकटीच मोठ्यानं बोलले, "तरी बी तू चुकलीसच." आमचे हे बाहेरून विचारत होते, कुणाशी बोलतेस म्हणून. तुझ्याशी म्हणाले असते तर उगाच घाबरले असते.

भांडण कशाचं ते तुला सांगायला नको. पण मला ते पुन्हा एकदा मांडू दे. तू असताना मांडायला लागले की तू मशीनवर बसायचीस आणि पायडल मारायला लागायचीस. त्या खडखडाटात माझं बोलणं बुडून जायचं. आता मशीन बंद आहे.

ज्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्या उन्हाळ्यात दादा गेला. माझा सख्खा भाऊ, तुझा नवरा, तहसीलमधला कारकून. शर्ट खोचून, केस विंचरून टँकरच्या रांगेत उभा राहायचा, जसा काही साहेबाला भेटायला निघालाय. त्या दिवशी रांगेतच खाली बसला तो उठलाच नाही. लोकांनी त्याला उचलून रिक्षात घातलं, दवाखान्यात नेलं. इकडं त्याच्या मागच्या माणसानं त्याची घागर पुढं सरकवली, भरली आणि इमानदारीनं तुमच्या घरी आणून ठेवली. आधी भरलेली घागर उंबऱ्यातून आत आली, आणि मग दादा. हे तू मला कितीदा सांगितलंस, आणि दरवेळी घागरीपाशी येऊन थांबलीस.

त्या घागरीला तू कुणाला हात लावू दिला नाहीस. वर ताट झाकून ठेवलीस. दादाच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी जलदानाचा तांब्या मात्र तिच्यातूनच भरलास. आपल्यात रीत अशी की बौद्धाचार्य गाथा म्हणतात तोवर घरच्यांनी मिळून पेल्यात पाणी ओतत राहायचं. पेला भरला पाहिजे, भरून खालच्या ताटात वाहिला पाहिजे. गेलेल्या माणसापर्यंत आपलं पुण्य तसंच वाहत पोचावं म्हणून. तू ओतत होतीस, माझा हात तुझ्या हातावर होता. पेला भरत आला आणि तू मनगट वळवलंस. धार थांबली. काठाला बोटभर जागा उरली होती.

सगळी भावकी बघत होती. मी तुझ्या हाताला खाली रेटा दिला तर तुझा हात दगडासारखा. गाथा संपली, पेला भरायचा राहिला तो राहिलाच. मग माझा जो स्फोट झाला तो तुला आठवत असेल. मी म्हणाले, "माझा भाऊ पाण्यापायी मेला, आन् त्याच्यासाठी तुझ्या हातून पेलाभर पाणी सुटंना?" तू म्हणालीस, "पाण्यापायी गेला म्हणून तर. त्यानं जीव देऊन आणलेलं पाणी मी ताटात सांडू? मला न्हाई जमत." एवढंच. नंतर आत गेलीस.

मी अजूनही म्हणते, रीत ती रीत. आणि तूही तुझ्या जागेवरून तसूभर हलली नाहीस. दोन बायका, एकच मेलेला माणूस आणि एक पेला, यावर आपण इतकी वर्षं भांडलो.

खरं तर भांडायची आपली सवय लग्नाच्या आधीपासूनची. शाळेत तू माझ्या पुढं दोन वर्ग होतीस, आणि माझी वहिनी झालीस तरी मला 'वंदे' म्हणूनच हाक मारत राहिलीस. नांदेडची बस धुरळा उडवत यायची, मी तुझ्या उंबऱ्यात पाय ठेवते न ठेवते तोच तुझा हात पुढं, हातात पेला. "आधी पाणी पी, मग बोल." मी भांडायलाच आलेली असायचे आणि ते तुला माझ्या चपलेच्या आवाजावरून कळायचं. पण पाणी आधी. दुष्काळातही पेला अर्धा भरायचा, पण चुकला कधी नाही.

दादा गेल्यावर तू बोलायची कमी झालीस. तुम्हाला मूलबाळ नव्हतं. घरात तू, मशीन आणि लोकांची ब्लाउजं. मी रविवारी यायचे. एकदा मागच्या आडात डोकावून तू म्हणालीस, "जीव द्यावं म्हणलं तर आडात पाणी तर पायजे का न्हाई? नुसतं पाय मोडून पडले तर लोकं हसतील." आणि हसलीस. मला हसू आलं नाही. मी तुला हाताला धरून आत आणलं आणि शेजारच्या शेवंताबाईला सांगून ठेवलं, हिच्याकडं जरा लक्ष ठेवा म्हणून. तुला ते कळलं, आणि पुढच्या रविवारी तू माझ्याशी धड बोलली नाहीस.

मग तुझा फोन आला. मृग कोरडा गेला होता, आर्द्राही तशीच चालली होती. त्या वर्षी उदगीरचा नवा जिल्हा होणार अशी हवा पुन्हा उठली होती. दादा असता तर म्हणाला असता, "जिल्हा कशाला, आधी नळ द्या." कुण्या हौशी पुढाऱ्याच्या डोक्यात आलं, जिल्ह्याची घोषणा झाली की लोकांना आकाशातून उड्या मारायला लावून आनंद साजरा करायचा. घोषणा काही झाली नाही, पण विमान ठरवून झालं होतं. मग ते लातूरच्या धावपट्टीवर उतरवलं, आणि जागा भरायच्या म्हणून कापडाच्या दुकानांतून कुपनं वाटली. तू अस्तराचं कापड आणायला गेलीस आणि तुला कुपन लागलं. प्यायला पाणी नाही आणि वरून माणसं सोडायची, असा तो सगळा प्रकार.

"वंदे, मी विमानातून उडी मारून राहिले," तू फोनवर म्हणालीस, भाजी आणायला निघाल्यासारखी. "एका कुपनावर दोघी हायेत. येतीस का?"

"डोकं फिरलं का तुझं?"

"फिरलं असंल. वर लई गार असतंय म्हणं. हुईल थंड."

मी फोन ठेवला. मला तो आड आठवला. आडात पाणी नव्हतं, पण आभाळाला कुठं पाणी लागतं? मी यांना सांगितलं, मी वहिनीबरोबर जातेय. यांनी विचारलं, तुला जिना चढताना चक्कर येते, तू विमानातून उडी मारणार? मी म्हणाले, मारणार. तिच्यावर नजर ठेवायला दुसरा कोण आहे.

हे मी तुला कधी सांगितलं नाही. तुला वाटलं मला हौस आली.

आदल्या दिवशी मी रेणापूरला आले. तू पाणी दिलंस. आणि मी घरभर नजर फिरवली तर मशीनजवळचा ढीग नव्हता. लोकांची सगळी ब्लाउजं शिवून, हुक-काजं करून, घड्या घालून तू घरोघर पोचवली होतीस. नवं कापड कुणाचं घेतलं नव्हतंस. तुझ्या उभ्या आयुष्यात मी ती जागा रिकामी बघितली नव्हती. लग्नसराई असो की पंचमी, एखाद-दुसरी बाई तुझ्या नावानं ओरडत असायचीच. 

आणि सकाळी तू दादाची पँट घालून बाहेर आलीस. ऑफिसची, राखाडी. साडी चालत नाही म्हणाले होते. तू ती कमरेत आत घेतली होतीस, खाली पायाला दुमड घालून पक्की शिवली होतीस. आरशात न बघताच विचारलंस, "कशी दिसते?" मी म्हणाले, "तहसीलदारासारखी." तू हसलीस. मला मात्र कळेना की नवऱ्याची पँट घालून बाई कुठं निघते. नव्यानं जगायला की त्याच्याकडं जायला?

मी वकिलासारखी पुरावे जमवत होते बघ. रिकामी जागा एका बाजूला, दादाची पँट धरली तर दोन्ही बाजूंना. मग धावपट्टीवर त्यांनी आपल्याला ते पट्टे चढवले, खांद्यावरून, मांड्यांखालून. नवख्याच्या पाठीला एक शिकलेला माणूस बांधून दोघांनी मिळून उडी मारायची असते; तुझ्या पाठीला बांधला जाणारा तिशीतला, पहाडातला कुठला तरी, गोरा, नाकावर ऊन लागून लाल झालेला. तू त्याचं बोलणं सोडून पट्ट्यावरून नख फिरवत होतीस. शिवण उलटी करून बघितलीस. "दुहेरी टीप हाय," मला म्हणालीस. "दोरा बी चांगला वापरलाय." माझ्या जिवात जीव आला. मरायला निघालेली बाई टीप कशाला बघेल? पुढच्याच क्षणी वाटलं, ही तर मयताच्या घरी गेली तरी पडद्याची टीप बघते.

मग तू त्या माणसाला आपल्या हिंदीत विचारलंस, "तुम्हारी मां कू मालूम है क्या, ये काम करते सो?" तो हसला. म्हणाला, "नहीं माताजी, उसको बोला है एअरपोर्ट में नौकरी है." तुझा चेहरा उतरला. मला वाटलं तुला त्याचं खोटं बोलणं आवडलं नाही.

विमान केवढंसं. आत बाकडी नाहीत, जमिनीवर पाय पसरून बसायचं, मागच्याच्या पुढ्यात. दाराशी तू होतीस. खालची जमीन जसजशी लांब गेली तसतशी भाकरीसारखी दिसायला लागली, कुठं भाजलेली, कुठं करपलेली. हिरवं म्हणून काही नाही. मांजरेचं पात्र पांढरं, कोरडं, वाकडंतिकडं पडलेलं. एवढ्या उंचीवरून पाणी कुठं तरी चमकायला हवं होतं. कुठंच चमकलं नाही. तू सारखी वाकून खाली बघत होतीस, आणि मी तुझ्या मानेकडं. मला तुझा हात धरायचा होता, पण आपण दोघी दोन माणसांना बांधलेल्या.

दार उघडलं. त्या वाऱ्यानं माझे डोळे गच्च मिटले. उघडले तेव्हा तू कडेवर होतीस, पाय बाहेर, हात छातीवर. तू मागं वळून माझ्याकडं बघितलंस. काही तरी बोललीस. तुझे ओठ हलले, मला ऐकू काहीच आलं नाही. आणि तू नव्हतीस.

वहिनी, तो रिकामा दरवाजा मी आयुष्यात विसरणार नाही. माणूस मरतं तेव्हा असंच होत असावं असं मला तेव्हा वाटलं, आणि आता, तुला डोळ्यांसमोर जाताना बघितल्यावर, मला माहीत आहे की तसंच होतं. आत्ता होतं, आत्ता नाही. मध्ये काहीसुद्धा नाही.

माझं काय झालं ते मला नीट सांगता येत नाही. सरकत सरकत माझ्या पाठीच्या माणसानं मला कडेला आणलं आणि मी 'नको' म्हणायच्या आत आम्ही बाहेर होतो. पडल्यासारखं वाटलंच नाही. वारा खालून वर येऊन गालांना, ओठांना, पापण्यांना ओढत होता, आणि श्वास घ्यायला जागा नव्हती. त्यानं खांद्यावर थाप मारली, हात पसरायची खूण होती ती. मी पसरले नाहीत. मी तुला शोधत होते. खाली नुसतं तपकिरी, त्यात एखादा ठिपकासुद्धा हलत नव्हता. मी ओरडत होते. काय ओरडत होते ते मला नंतर कळलं. माझ्या पाठीचा तो माणूस खाली उतरल्यावर म्हणाला, "यहां सब लोग मां को बुलाते हैं. आप किसको बुला रही थीं?" मी 'वैनी, वैनी' म्हणून बोंबलत होते.

मग एक जोराचा हिसका बसला, पट्टे मांड्यांत रुतले आणि सगळा आवाज बंद झाला. डोक्यावर पॅराशूट उघडलं होतं. इतकी शांतता मी कधी ऐकली नाही. आणि त्या शांततेत खाली, डाव्या हाताला, निळी-पिवळी छत्री उघडलेली दिसली. तुझी. तिच्याखाली दोन माणसं लोंबत होती, आणि त्यातल्या पुढच्या माणसाचे राखाडी पायचे फडफडत होते. मी रडायला लागले. माझ्या पाठीच्या माणसाला वाटलं, मला आनंद झाला. झालाच होता.

मी ढुंगणावर उतरले. तोंडात माती गेली. उठून बघते तर तू लांब धुळीत बसलेली, पट्टे सोडलेले, आणि त्या पहाडी माणसाचं मनगट हातात धरून त्याला काही तरी सांगत होतीस. तो मान डोलावत होता. मी धावत आले. मला तुला एक ठेवून द्यायची होती. तोवर तू, खाली थांबलेल्या पोरानं आणून दिलेल्या आपल्या पिशवीतून बाटली काढून झाकण उघडलंस आणि माझ्या पुढ्यात धरलीस.

"आधी पाणी पी."

मी प्याले. माती आणि पाणी दोन्ही गिळलं.

"त्या दिशी बी तूच प्याली व्हतीस," तू म्हणालीस.

"कवा?"

"जलदानाच्या दिशी. तांब्यात जे वाचलं ते. भांडून भांडून तुझा घसा सुकला व्हता. आत जाऊन पेल्यात घातलं आन् तुला आणून दिलं. घागरीतलं बाकीचं बौद्धाचार्यांच्या आन् लोकांच्या चहाला गेलं. तुझ्या दादाच्या घागरीतलं निव्वळ पाणी कुणी प्यालं असंल तर तू."

मला आठवलं. तू आतून आलीस, पेला पुढं केलास, आणि मी तुझ्याकडं न बघता तो घटाघटा रिकामा केला होता. रागानं. आणि पेला तुझ्या हातात न देता जमिनीवर ठेवला होता.

 तरी मी बोललेच. म्हणाले, "तरी बी ते त्याचं व्हतं." तू म्हणालीस, "त्याचंच. त्यानं बी तुलाच दिलं असतं." आणि मग त्या पहाडी माणसाकडं बघत म्हणालीस, "वंदे, पाठीला दुसऱ्या बाईचं लेकरू बांधलेलं व्हतं गं. सारखं वाटत व्हतं, माझ्यापायी याला काही हू नये. त्याची माय तिकडं समजून बसली, पोरगं एअरपोर्टात हाय."

बस. याहून जास्त तू कधी बोलली नाहीस. त्या वाक्याला मी इतकी वर्षं उलटून-पालटून बघतेय, तू शिवण बघतेस तशी. 'माझ्यापायी' म्हणजे काय, वहिनी? तू मनात काय घेऊन वर गेली होतीस? ती जागा रिकामी का केली होतीस? दारातून वळून काय म्हणालीस? दुसऱ्याच आठवड्यात मशीनजवळ पुन्हा ढीग लागला, आडाचा विषय पुन्हा निघाला नाही, आणि माझं विचारायचं धाडस गेलं. जे टळलं त्याला कशाला हाक मारायची, असं वाटत राहिलं. तू मला त्यानंतर इतकी वर्षं दिलीस. रविवार दिलेस, टोमणे दिलेस, माझ्या लेकीच्या लग्नात सगळ्या करवल्यांची ब्लाउजं रात्रीचा दिवस करून शिवलीस आणि माझंच तेवढं घट्ट केलंस. त्या माणसाचं नावसुद्धा आपल्याला माहीत नाही. माझ्या मनात मात्र तो सख्ख्या भाच्यासारखा आहे.

यंदा तुझ्या पोटात गाठ निघाली आणि मी तुला नांदेडला आणलं. पावसाळा चांगला होता, गोदावरी दोन्ही काठ धरून चालली होती. दवाखान्याच्या खिडकीतून ती दिसायची आणि तुला पाणी गिळता येत नव्हतं. मी चमच्यानं ओठ ओले करायचे. तू माझ्यावर चिडायचीस, "निम्मं सांडतीस की." शेवटच्या आठवड्यात एका दुपारी तू जरा बरी होतीस, डोळे उघडे होते. मी खुर्ची जवळ ओढली. "वैनी, एक विचारू?"

"इचार."

तुझा चेहरा एवढासा झाला होता. मला विचारवेना. म्हणाले, "पाणी देऊ?"

तू किती तरी वेळ माझ्याकडं बघत राहिलीस. मला काय विचारायचं होतं ते तुला कळलं होतं, असं मला वाटतं. मग म्हणालीस, "दे." मी चमचा लावला. एक थेंब सांडला नाही त्या दिवशी.

आणि मग तुझं पुण्यानुमोदन. रेणापूरच्या घरातच केलं, मशीन भिंतीला सरकवून, तुझा फोटो दादाच्या फोटोशेजारी ठेवून. नळाला पाणी होतं, हंडे भरलेले होते, अंगणातल्या लिंबाखाली चिखल होता. मी पहाटेच्या बसनं येऊन तशीच बसले होते. बौद्धाचार्यांनी गाथा सुरू केल्या. तांब्या माझ्या हातात, बाकीच्यांचे हात माझ्या हातावर. मी ठरवूनच आले होते. पेला भरला तरी मी थांबले नाही. ताट भरलं. पाणी ताटाच्या काठावरून सतरंजीवर आलं, सतरंजीवरून फरशीवर. आमचे हे हळूच म्हणाले, "बस की आता." मी म्हणाले, "दादाचं बी राहिलंय." सगळा तांब्या उलटा केला. गाथा संपल्या तरी माझा हात तसाच होता.

जिंकले मी, वहिनी. बोल आता.

लोक उठले, कुणी सतरंजी गोळा करायला लागलं. माझा घसा कोरडा ठक्क पडला होता, नांदेडपासून पोटात पाणी गेलं नव्हतं. मी स्वयंपाकघराच्या दाराकडं न बघताच हात पुढं केला. इतक्या वर्षांची सवय. बराच वेळ तो तसाच धरला. मग माझ्या ध्यानात आलं की दुसऱ्या हातात तांब्या माझ्याकडंच आहे, आणि त्यात एक थेंबसुद्धा नाही.